हँडल कुणाच्या हातात? हाताने चालवायच्या धुलाईयंत्राची गोष्ट

(व्याख्यानाचं शब्दांकन)



इतिहासाच्या व्याख्यानमालेत कपडे धुण्याचं यंत्र कशाला, असा प्रश्न विषय वाचून काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. आपल्याला इतिहास म्हटलं की लढाया, तह, राजवटी आठवतात. पण शंभरातल्या नव्वद माणसांचं आयुष्य कशात गेलं, हे विचारायला लागलो, की पाणी भरणं, दळण, सरपण आणि धुणं यांच्यापाशी यावंच लागतं. यंत्रांच्या इतिहासात वाफेच्या इंजिनाला मोठा मान आहे. धुलाईयंत्र त्याच काळातलं. पण त्याची दखल ओळ-दोन ओळींत संपते. आज मी विजेच्या आधीच्या, हाताने चालवायच्या यंत्राबद्दल बोलणार आहे. त्याची रचना कशी होती, तशीच का होती, आणि त्या रचनेवरून काय कळतं, एवढंच आपण बघू.

धुणं म्हणजे नेमकं काय

आधी कामाची उकल करू. कपडा स्वच्छ व्हायला तीन गोष्टी लागतात: खार, ऊब आणि हालचाल. खार मळ सुटा करतो, ऊब ते काम लवकर करवते, आणि हालचालीमुळे सुटलेला मळ धाग्यांतून बाहेर पडतो. आपल्याकडे रिठा, पापडखार होते. युरोपात लाकडाच्या राखेतून पाणी गाळून खाराचं पाणी करत. साबण होता, पण महाग. इंग्लंडमध्ये तर १७१२ पासून १८५३ पर्यंत साबणावर कर होता.

हालचालीच्या तऱ्हा मात्र निरनिराळ्या. आपल्या घाटावर कपडा दगडावर आपटतात किंवा धोपटण्याने बडवतात. युरोपातही नदीकाठी असं बडवणं होतंच. पण इंग्लंडमध्ये घरात, पिंपात गरम पाणी घेऊन धुवायची रीत वाढली, तिथे वेगळं साधन आलं. एका लहान तिवईच्या मधोमध उंच दांडा बसवा आणि दांड्याला वर आडवी मूठ लावा. तिवईचे पाय पिंपातल्या कपड्यांत, मूठ दोन्ही हातांत. मग उभ्याने ते मागेपुढे फिरवायचं. इंग्रजीत त्याला 'डॉली' म्हणतात. आपल्या ओळखीचं उदाहरण द्यायचं, तर ही कपड्यांची रवी! ताक घुसळताना रवी जशी अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे जाते, तशीच.

ही रवी लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट तिच्याभोवती फिरते.

रवीवर झाकण

कागदोपत्री सुरुवात सांगायची, तर १६९१ मध्ये जॉन टायझॅक नावाच्या इंग्रजाला एका यंत्राचं पेटंट मिळालं. ते एकच यंत्र अनेक कामं करणार होतं, आणि त्या लांबलचक यादीत कपडे धुणं हेही होतं. जानेवारी १७५२ च्या 'जंटलमन्स मॅगझिन' या लंडनच्या मासिकात धुलाईयंत्राचं चित्र छापून आलं. म्हणजे तोवर अशी यंत्रं लोकांच्या पाहण्यात होती.

पण रचना नीट समजून घ्यायला आपण जर्मनीत, रेगेन्सबुर्ग या गावी जाऊ. तिथे याकोब क्रिस्टियान शेफर नावाचा एक प्रोटेस्टंट धर्मोपदेशक होता. माणूस बहुउद्योगी. बव्हेरियातल्या अळंब्यांवर त्याने रंगीत चित्रांचे ग्रंथ काढले, किड्यांचा अभ्यास केला, चिंध्यांऐवजी गांधीलमाशीच्या पोळ्यापासून आणि नाना वनस्पतींपासून कागद करून पाहिला. अशा माणसाने १७६६ च्या सुमारास धुलाईयंत्रावर एक पुस्तक छापलं. त्याच्या नावाचा मथितार्थ असा: 'सोयीचं आणि अत्यंत फायद्याचं धुलाईयंत्र'. यंत्र वापरून पाहिलं आणि अनुभवाप्रमाणे त्यात ठिकठिकाणी बदल केले, असंही शेफर पुस्तकाच्या नावातच सांगतो. म्हणजे मूळ शोध आपलाच, असा त्याचा दावा नाही. चाललेली कल्पना तपासून, दुरुस्त करून त्याने ती सर्वांसाठी छापली.

यंत्र साधं. एक लाकडी पिंप, त्याला घट्ट झाकण. झाकणातून एक दांडा आत उतरतो. त्याच्या खालच्या टोकाला खुंट्या, वरच्या टोकाला मूठ. आत गरम पाणी, साबण, कपडे. मूठ मागेपुढे फिरवायची. म्हणजे, बघा, धोबिणीच्या हातातली रवी घेतली, पिंपावर झाकण ठेवलं, आणि झाकणाला भोक पाडून रवी त्यात अडकवली.

एवढंच? हो, एवढंच. पण त्या झाकणात मोठं शहाणपण आहे. एक, पाण्याची ऊब टिकते. दोन, वाफ आणि शिंतोडे बाहेर येत नाहीत. तीन, हात पाण्यात घालावाच लागत नाही, त्यामुळे कातडी सोसणार नाही इतकं गरम आणि खारट पाणी वापरता येतं. कपडे हाताने चोळणाऱ्या बाईच्या बोटांची सालं निघायची. या यंत्राने श्रम किती वाचले यावर वाद घालता येईल. बोटं वाचली, हे नक्की.

आता दोन प्रश्न. पहिला, मूठ मागेपुढेच का, एकाच दिशेने गरागरा का नाही? कारण एकाच दिशेने फिरवलं तर कपडे दांड्याभोवती गुंडाळतात, त्यांचा दोर होतो आणि मग ना पाणी आत शिरतं, ना मळ बाहेर पडतो. दिशा बदलली की पीळ सुटतो. हाताला मात्र सतत दिशा बदलणं जड जातं, चाक एका दिशेने फिरवणं सोपं. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरांनी दात्यांची चाकं आणि तरफा लावून, एका दिशेच्या फिरण्यातून मागेपुढे हालचाल काढायच्या कितीतरी युक्त्या केल्या.

दुसरा प्रश्न, दांडा वरूनच का? कारण पिंपाच्या तळाला भोक पाडलं तर ते गळणार. आणि चालवणारा हात तर वरच आहे. दांडा वरून येण्याची ही रीत पुढे दीडशे वर्षं टिकली. १९०७ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मळणीयंत्रांचे भाग करणाऱ्या मेटॅग कंपनीने धुलाईयंत्र बाजारात आणलं. त्यातही लाकडी पिंप, वरून उतरणाऱ्या खुंट्या, पन्हळी भिंती आणि हाताने फिरवायची मूठ असाच सगळा सरंजाम होता. नाव काय ठेवलं होतं? 'पास्टाइम'. म्हणजे विरंगुळा! हे नाव धुणं धुणाऱ्या बाईने सुचवलं असेल, असं मला तरी वाटत नाही.

दुसरी वाट: फिरता पिंजरा

रवीच्या वाटेला समांतर अशी दुसरी वाट आहे. १७८२ मध्ये हेन्री सिजियर या इंग्रजाने पेटंट घेतलं. त्याने कपड्यांत काही फिरवलंच नाही. लाकडी दांड्यांचा एक गोल पिंजरा केला, त्यात कपडे भरले आणि मुठीने तो पिंजराच पाण्यात फिरवला. पिंजऱ्याबरोबर कपडे वर जातात आणि आपल्याच वजनाने खाली आपटतात. थोडक्यात, घाटावरचं आपटणं यंत्रात आलं. आज तुमच्या घरी पुढून दार असलेलं मशीन असेल, तर ते या पिंजऱ्याच्या वंशातलं. वरून उघडणारं, मध्ये खांब असलेलं मशीन रवीच्या वंशातलं.

अमेरिकेतलं या कामाचं पहिलं पेटंट १७९७ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या नॅथॅनिएल ब्रिग्जला मिळालं. ते यंत्र कसं होतं, हे आज कुणालाच सांगता येत नाही. डिसेंबर १८३६ मध्ये पेटंट कचेरीला आग लागली आणि कागद जळाले. पुढे यंत्राला पिळणीची जोड मिळाली: दोन रूळ, मध्ये कपडा, बाजूला मूठ. रसवंतीतला चरक डोळ्यांसमोर आणा. १८८८ मध्ये वॉशिंग्टनच्या एलन एग्लिन या कृष्णवर्णीय बाईने केलेली पिळणीची रचना अवघ्या १८ डॉलरला विकली गेली. हे काळ्या बाईने बनवलंय असं कळलं तर गोऱ्या बायका विकत घेणार नाहीत, असं कारण तिने सांगितल्याची नोंद आहे. ज्यांना धुण्यातलं खरं कळत होतं, त्यांची नावं पेटंटांवर फारशी का नाहीत, याचं उत्तर यात आहे.

मग काम वाचलं का?

आता मुद्द्याचं बोलू. यंत्राने हालचालीचं काम उचललं. बाकीच्याचं काय? सुझन स्ट्रासर या अमेरिकन इतिहासकार बाईंनी हिशेब दिला आहे: एकोणिसाव्या शतकातल्या घरात एकदा धुणं, एकदा उकळणं आणि एकदा खळबळणं एवढ्यालाच सुमारे ५० गॅलन, म्हणजे जवळपास १९० लिटर पाणी लागायचं. दहा लिटरच्या एकोणीस बादल्या. त्या विहिरीवरून किंवा हापशावरून आणायच्या, चुलीवर तापवायच्या, पिंपात ओतायच्या आणि शेवटी घाण पाणी बाहेर नेऊन टाकायचं. यातली एकही बादली यंत्र उचलत नव्हतं.

म्हणून मी म्हणतो, हाताच्या यंत्राचं चित्र बघताना मुठीच्या पलीकडे बघा. चित्रात पिंप असतं, मूठ असते, बादल्या नसतात. रचनाकाराने कामाचा एक तुकडा कापून घेतला आणि तोच म्हणजे धुणं, असं मानलं. नळाचं पाणी, गटार आणि वीज आल्यावरच बाकीचं ओझं उतरलं.

दुसरी गोष्ट, यंत्र उपलब्ध असणं आणि यंत्र घरात येणं यांत फार अंतर असतं. १८८१ साल घ्या. सिजियरच्या पेटंटला जवळपास शंभर वर्षं झाली होती. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात गोऱ्यांच्या घरचे कपडे कृष्णवर्णीय बायका आपापल्या दारात, पिंपात, हाताने धूत होत्या. गुलामगिरी जाऊन अवघी सोळा वर्षं झालेली. जुलैमध्ये वीसेक जणींनी संघटना केली आणि १२ पौंड कपड्यांना एक डॉलर असा एकसारखा दर मागितला. संप पुकारला. तीन आठवड्यांत त्या ३००० झाल्या. काहींना अटक झाली, दंड झाला. नगरपालिकेत प्रत्येकीवर २५ डॉलर परवाना फी बसवायची चर्चा सुरू झाली. बायकांनी उलट कळवलं, फी भरू, पण दर आम्ही ठरवू. शेवटी ती फी बसलीच नाही.

विचार करा, यंत्रं बाजारात असताना या बायकांच्या संपाने शहर का हललं? कारण त्यांची मजुरी इतकी कमी होती, की यंत्र घेण्याची कुणाला गरजच वाटत नव्हती. जिथे हात स्वस्त, तिथे यंत्र महाग. यंत्राचा प्रसार त्याच्या रचनेइतकाच, कदाचित जास्तच, शेजारच्या माणसाच्या मजुरीवर ठरतो.

मग यंत्र घरात आलं तेव्हा काय झालं? रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात मांडलंय की धोबीण, मोलकरीण यांच्या हातचं काम घरच्या बाईकडे आलं. सुती कपडे स्वस्त झाले, अधिक झाले, ते अधिक वेळा धुतले जाऊ लागले. एका फेरीचा वेळ कमी झाला, फेऱ्या वाढल्या.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न: वरून येणारा दांडा मग खाली कधी गेला?*

चांगला प्रश्न. मोटर आल्यावरही बराच काळ तो वरच होता, सवय हो! १९२२ मध्ये मेटॅगच्याच हॉवर्ड स्नायडरने घुसळणी पिंपाच्या तळाशी नेली. त्यामुळे कपडे ओढण्याऐवजी पाणीच कपड्यांतून जोराने जाऊ लागलं. हात गेला, तेव्हा कुठे हाताची जागा सुटली.

*प्रश्न: आपल्याकडे महालक्ष्मीला अजून धोबीघाट आहे. तो मागासलेपणा म्हणायचा का?*

नाही, मी तसं म्हणणार नाही. तिथेही आता दगडांच्या जोडीला यंत्रं आली आहेत. दगड की यंत्र, हा प्रश्न दुय्यम आहे. अटलांटाच्या बायकांनी यंत्र मागितलं नव्हतं, त्यांनी दर मागितला होता. घाटावर उभ्या असलेल्या माणसाला एका डागाचे किती मिळतात आणि ते कोण ठरवतं, हे आधी विचारा. घरात यंत्र असेल, तर त्याचं बटण रोज कोण दाबतं आणि ओले कपडे कोण वाळत घालतं, तेही विचारा. उत्तर बहुतेक घरांत एकाच व्यक्तीचं नाव असेल.

इथेच थांबतो.