नळी, आरसा आणि नजर

‘वेध’ हा मराठीतील मोठा अर्थगर्भ शब्द आहे. ग्रहताऱ्यांचे निरीक्षण म्हणजे वेध, लक्ष्याला भेदणे म्हणजे वेध आणि मनाला लागतात तेही वेधच. या तिन्ही अर्थांत एक सरळ रेषा गृहीत धरलेली आहे: एका टोकाला पाहणारा, दुसऱ्या टोकाला पाहायचे ते. दुर्बिणीच्या आरशांची जुळणी हा विषय वरवर तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो या रेषेचाच इतिहास आहे.

दुर्बीण अवतरण्यापूर्वी साडेचार शतके भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) नलकयंत्र सांगितले. यंत्र म्हणजे केवळ पोकळ नळी. गणिताने ग्रहाचे स्थान काढावे, नळी त्या दिशेला रोखून बांधावी आणि राजाला ग्रह दाखवावा, आकाशात किंवा पाण्यातील प्रतिबिंबात. नळीत काच नाही, म्हणून ग्रह मोठा दिसत नाही. पण गणित चुकले किंवा नळी हलली तर तो दिसतच नाही. यंत्राचे सारे सामर्थ्य दिशेत आहे.

१६६८ मध्ये न्यूटनने परावर्ती दुर्बीण घडवली आणि ही सरळ रेषा दोनदा वळली. प्रकाश तळाच्या अंतर्वक्र आरशावरून माघारी फिरतो, वरच्या तिरप्या सपाट आरशावर काटकोनात वळतो आणि बाजूच्या नेत्रिकेत येतो. आरसा जितका कलतो त्याच्या दुप्पट कोनातून किरण वळतो. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या घरगुती दुर्बिणीत मुख्य आरसा पाव अंश कलला, तरी प्रतिमा सुमारे १० मिलिमीटर सरकते. मग ताऱ्याचा बिंदू राहत नाही. त्याला धूमकेतूसारखी शेपटी फुटते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूच्या आरशांची जागा चांदीचा मुलामा दिलेल्या काचेने घेतली. चांदी काळवंडते, आरसा काढून पुन्हा मुलामा द्यावा लागे आणि दर खेपेस जुळणी नव्याने करावी लागे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या साहाय्याने वेधशाळा उभी राहिली. तेथे कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्याकडे २० इंची परावर्ती दुर्बीण होती. १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुढे १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. आणखी काही दशकांनी ‘आयुका’च्या कार्यशाळांत शिक्षक-विद्यार्थी स्वतः आरसे घासू लागले. माझ्या मते आपल्याकडील दुर्बिणीच्या इतिहासातला हा निर्णायक टप्पा आहे. ज्याने आरसा घासला, त्याला तो बिघडल्याचे कळते आणि सुधारण्याचे धैर्यही असते.

आमच्यापाशी ते धैर्य नव्हते. एका फाल्गुनात आम्ही सहा इंची दुर्बीण जीपमध्ये घालून गडचिरोलीहून भामरागडकडे निघालो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या उजेडापासून दूर, जंगलातले आकाश काळेशार होते. एका निवासी शाळेच्या अंगणात मुलांनी रांग लावली. आठवीतली एक मुलगी गुरूकडे पाहून म्हणाली, “सर, सांडल्यासारखा दिसतो.” मी म्हणालो, “नीट बघ, नजर स्थिर ठेव.” ती पुन्हा वाकली, मग काही न बोलता बाजूला झाली.

तिची नजर अस्थिर नव्हती. सप्तर्षींच्या चौकोनात खाट आणि मागच्या तीन ताऱ्यांत चोर पाहणाऱ्या गोंडी परंपरेतली ती मुलगी. रस्त्याच्या हादऱ्यांनी आरसा कलला होता, हे नंतर आमच्या ध्यानात आले. नेत्रिकेच्या जागी बारीक छिद्राची टोपी लावली, तिरप्या आरशात मुख्य आरशाचे पूर्ण वर्तुळ आणले. मग मागचे तीन स्क्रू हलके फिरवत आरशाच्या मध्यावरची खूण छिद्राच्या प्रतिबिंबाशी मिळवली. शेवटी एक तारा मुद्दाम अस्पष्ट करून त्याच्या कड्या एककेंद्री होईपर्यंत थांबलो. गुरूचे पट्टे आणि चार चंद्र लख्ख दिसले. तोवर मुली झोपायला गेल्या होत्या.

साहित्याच्या वर्गातही आपण हेच करत नाही काय? कविता पोहोचली नाही की विद्यार्थ्याला ‘नीट वाच’ म्हणतो. आपल्या मांडणीचा अक्ष मात्र तपासत नाही. भास्कराचार्यांनी नळी आधी बांधून ठेवायला सांगितले होते आणि मगच राजाला बोलवायला. दाखवणाऱ्याने आधी स्वतःचे यंत्र जुळवावे, एवढाच त्याचा अर्थ. रांगेतल्या मुलीचा मान राजाहून कमी नव्हता.