तारेची गाठ आणि भामरागडचे कुंपण

तारेचे कुंपण एकदा घातले की वीस वर्षांची काळजी मिटली, हा समज शेतकऱ्यांत आहे, तार विकणाऱ्या दुकानदारांत आहे आणि अनुदानाची फाइल पुढे सरकवणाऱ्या कार्यालयांतही आहे. बांबूचे आणि काट्यांचे कुंपण 'कच्चे', दरवर्षी नव्याने घालावे लागणारे, म्हणून मागासलेले. तारेचे 'पक्के', म्हणून पुढारलेले. भामरागडच्या बाजूने कुंपणाचा इतिहास पाहिला तर ही वाटणी टिकत नाही. तारेचे कुंपणसुद्धा दरवर्षीच्या कामाचेच असते, कारण ते तुटते ते बहुधा गाठीपाशी. जुने कुंपण सोडताना आपण त्याच्याबरोबर वर्षातून एकदा प्रत्येक सांधा हाताखालून घालण्याची रीतही सोडली, आणि नव्या कुंपणाला ती लावलीच नाही.

इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्या जिथे एकत्र येतात तिथे भामरागड आहे. पलीकडे छत्तीसगडचे अबुजमाड. हा मुलूख माडिया गोंडांचा. त्यांची जुनी शेती पेंडा पद्धतीची होती. जंगलाचा एक तुकडा तोडायचा, वाळू द्यायचा, जाळायचा, राखेत बी फेकायचे आणि दोन-तीन वर्षांनी जमीन विश्रांतीला सोडून पुढे सरकायचे. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांच्या 1938 साली निघालेल्या 'द मारिया गोंड्स ऑफ बस्तर' या ग्रंथात शेजारच्या माडिया मुलुखातल्या या शेतीचा तपशील आहे. जिथे शेतच कायमचे नाही तिथे कायमच्या कुंपणाला अर्थ नव्हता. पुढे सखल भागात धानाच्या बांध्या स्थिर झाल्या, तरी कुंपण हंगामीच राहिले. खुंट रोवायचे, त्यांना आडवे बांबू बांधायचे, फटींत काटेरी फांद्या खुपसायच्या. बांधायला पळसाच्या मुळांचा वाख, नाहीतर ओल्या बांबूची कमची. कमची ओली असताना पिळून बांधली की वाळताना तिचा आकार पक्का होतो आणि सांधा घट्ट बसतो. पण एक-दोन पावसाळे खाल्ल्यावर तीच ठिसूळ होऊन हाताने मोडते. म्हणून पीक उभे राहण्याआधी शेताभोवती फिरावेच लागे. कुठली बांधणी हलवल्यावर डुगडुगते, कुठला खुंट वाळवीने खाल्ला, हे फिरताना कळे. सुगी झाली की कुंपणाला खिंडारे पाडून गुरे आत सोडली जात. कुंपण उघडण्याची आणि पुन्हा बांधण्याची ही पाळी हीच त्याची तपासणी होती, फक्त तिला तसे कोणी म्हणत नव्हते.

मग तार आली कुठून? काटेरी तार ही ज्या भूमीत झाडेच नव्हती तिथली उपज आहे. अमेरिकेच्या गवताळ माळरानांवर खांबांना आणि फळ्यांना लाकूड मिळेना, तेव्हा इलिनॉय राज्यातल्या डीकाल्ब गावच्या जोसेफ ग्लिडन यांनी 24 नोव्हेंबर 1874 रोजी आपल्या काटेरी तारेचे पेटंट मिळवले. काटे लावलेली तार त्यांच्या आधीही होती. अडचण अशी की काटा तारेवरून घसरत एका टोकाला जाई. ग्लिडन यांनी काटा एका तारेवर वळवला आणि दुसरी तार पहिलीभोवती पिळून तो जागच्या जागी जखडला. या पिळामुळे तारेला थोडी लवचीकताही आली. म्हणजे काटेरी तारेचा सगळा शोधच मुळात एका नीट बसलेल्या सांध्याचा आहे, हे आज तिचे भेंडोळे विकत घेणाऱ्याच्या गावीही नसते.

बांबू दारात असलेल्या भामरागडला माळरानाची ही वस्तू लागावी, याचे कारण निसर्गात सापडत नाही, कायद्यात आणि बाजारात सापडते. इंग्रजी अमलात 1871 चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आला. त्याने जबाबदारी गुरांच्या मालकावर टाकली: गुरे दुसऱ्याच्या पिकात शिरली तर त्यांना कोंडवाड्यात घाला, मालकाने दंड भरून सोडवावीत. अमेरिकेच्या पश्चिमेकडे बराच काळ याच्या उलट रिवाज होता. ढोरे मोकळी, आणि ती नको असतील तर शेतकऱ्याने कुंपण घालावे. आपल्याकडे गावच्या गुरांपुरते हलके कुंपण चालून गेले ते त्यामागे कोंडवाड्याचा धाक होता म्हणून. रानडुकराला मात्र मालक नाही आणि कोंडवाडाही नाही. त्याचा बंदोबस्त शिकार आणि रात्रीची जागल करत असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली (ती यायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही), आणि जे काम धनुष्यबाण, हाकारे आणि जागल मिळून करत होते ते सगळे एकट्या कुंपणावर येऊन पडले. त्याच काळात बांबूकडे कागद गिरणीचा कच्चा माल म्हणून पाहिले जात होते. बल्लारपूरच्या गिरणीला जंगलातला बांबू सवलतीच्या दरात मिळे, आणि गावाला स्वतःच्या निस्तारापुरता बांबू मागताना परवानगीची वाट पाहावी लागे. 2006 च्या वनहक्क कायद्याने यात बदल घडवला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि 2011 साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. पण आता बांबूला भाव आहे, म्हणून तो कुंपणात कुजवण्यापेक्षा विकणे शहाणपणाचे वाटते. तार जिंकली ती या साऱ्या घडामोडींमुळे.

आता गाठीकडे येऊ. बाजारात सर्रास मिळणारी साधी जस्तलेपित तार 2.5 मिलिमीटर जाडीची धरली तर तिचा छेद जेमतेम 4.9 चौरस मिलिमीटर भरतो. मऊ पोलादाची ताकद चौरस मिलिमीटरला 400 न्यूटन मानली, तर सरळ तार साधारण 200 किलोच्या ओढीला तुटेल. पण कुंपणात सरळ तार सलग कुठे असते? ती खांबाला वळते, संपते, दुसरीला जोडली जाते, आणि अशा प्रत्येक ठिकाणी तिची ताकद घटते. तीव्र वळणावर बाहेरच्या अंगाचे पोलाद ताणले जाते, जस्ताचा थर तडकतो आणि चार महिन्यांच्या पावसाळी ओलीत तिथूनच गंज धरतो. पकडीच्या दातांनी तार चावली गेली तर तो व्रणही तुटण्याची जागा ठरतो. जोड तपासला तर बहुतेकदा तार गाठीच्या पोटात तुटत नाही. गाठीत शिरते त्या तोंडाशी तुटते. आणि वाईट बांधलेली गाठ तुटतही नाही, ती निसटते. एक तार सरळ ठेवून दुसरी तिच्यावर गुंडाळली की सरळ तार ताणाखाली अलगद बाहेर येते. दोन्ही तारा एकमेकींभोवती सारख्या पिळल्या तरच सांधा धरतो. हे ज्ञान नवे नाही. तारायंत्राच्या काळात खांबाखांबांवरून तारा ओढणाऱ्यांना ते तोंडपाठ होते: मधे सैल पीळ, दोन्ही टोकांना पाच-सहा घट्ट, एकमेकांना चिकटून बसलेले वेढे. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातले कुंपणकामगार आठच्या आकड्यासारखी गाठ घालतात, ती याच हिशेबाने. कुंपणाची तार आपल्याकडे पोचली, हे कसब पोचले नाही.

याला हंगामाची भर पडते. पोलाद उन्हाने लांबते. तापमानात 35 अंशांचा फरक पडला, म्हणजे मे महिन्याची दुपार आणि डिसेंबरची पहाट एवढा, तर 100 मीटर तारेची लांबी सुमारे 4 सेंटीमीटरने बदलते. दोन्ही टोके घट्ट असतील तर थंडीत त्या 2.5 मिलिमीटरच्या तारेवर वरून चाळीसेक किलोचा ताण चढतो. म्हणून भर उन्हात कडक ताणलेली तार हिवाळ्यात सांध्यावर बेतते, आणि हिवाळ्यात ओढून घेतलेली उन्हाळ्यात झोल देते. नेमका त्याच झोलाचा फायदा घेऊन रानडुक्कर सगळ्यात खालच्या तारेखाली नाक घालते. तपासायला यंत्र लागत नाही. दोन खांबांमध्ये 20 मीटर तार असेल तर तिच्या मधोमध 10 किलोचे पोते टांगा. तार 25 सेंटीमीटर खाली आली तर ताण सुमारे 200 किलो, म्हणजे मऊ तार तुटायच्या बेताला आलेली. 50 सेंटीमीटर आली तर ताण 100 किलो. पोते टांगलेले असताना कोपऱ्याच्या खांबाजवळ जाऊन गाठ बघा: वेढे सरकले का, टोक किती आत गेले. एवढ्याने शेतातला कमजोर सांधा सापडतो.

यावर पहिला आक्षेप येईल की गाठीसारख्या किरकोळ गोष्टीला एवढे महत्त्व कशाला. चांगली जाड तार आणि सिमेंटचे खांब घेतले की झाले. पण जाड आणि कडक तार वाकवायला अवघड, तिची गाठ घट्ट बसवणे आणखी अवघड. पोलाद जितके कणखर तितके ते तीव्र वळणावर लवकर दगा देते, म्हणून कणखर तारेला गाठीचे कसब अधिक लागते. दुसरा आक्षेप वजनदार आहे: आता सौर कुंपण आले, ज्याला लोक झटका मशीन म्हणतात. वन विभागाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदान मिळते. तिथे तारेची ताकद गौण, कारण जनावर तारेला भिडून मागे फिरते ते झटक्याच्या भीतीने. हे खरे आहे, आणि योग्य यंत्राचा झटका सेकंदाला एखादा, क्षणभराचा, जीव न घेणारा असतो. पण हा झटका तारेतून जातो आणि गंजलेल्या, सैल सांध्यापाशी अडतो. जोड उघडा पडून ठिणग्या उडू लागल्या की त्याच्या पुढचे सगळे कुंपण नुसता देखावा उरते. सौर कुंपणात गाठीचे महत्त्व कमी झाले नाही, तिचे काम तेवढे बदलले. तिसरा आक्षेप बांबूच्या बाजूचा: जुन्या कुंपणाने दरवर्षी जंगल खाल्ले. थोडे खाल्ले, मान्य. पण कुंपणासाठी कापलेला बांबू आणि गिरणीसाठी कापलेला बांबू एका तागडीत घालता येत नाहीत.

तारेचा सर्वांत वाईट अध्याय तपासणीच्या अभावाशीच जोडलेला आहे. कुंपण काम देत नाही असे दिसले की काही जण घरगुती विजेची जिवंत तार शेतात सोडतात. एप्रिल 2017 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ 'श्रीनिवास' या नावाने ओळखला जाणारा वाघ अशाच तारेने मेला. माणसेही अशा तारांना चिकटून मेली आहेत. याला गुन्हा म्हणून रोखलेच पाहिजे, पण त्या शेतात आधी एखादे कुंपण होते का आणि ते कुठल्या सांध्यापाशी हरले, हेही कोणीतरी विचारायला हवे.

म्हणून मागणी साधी आहे. कुंपणाच्या अनुदानात तार आणि खांब यांच्या जोडीने तार ताणायचे एक यंत्र, दोन चांगल्या पकडी आणि दोन दिवसांचे गाठीचे शिक्षण ग्रामसभेच्या नावे द्या. रोवणीच्या आधी आणि धान निसवायच्या आधी, वर्षातून दोनदा, गावाने आपल्या कुंपणाच्या कोपऱ्यांवर पोते टांगून बघावे. निधी मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांनी पुढच्या वर्षाच्या प्रस्तावात या कामाला एक ओळ द्यावी.