डबा घेऊन गेलेली आई



गेल्या महिन्यात एका गटाची बैठक संपली, हप्ते जमा झाले, वही मिटली, तरी एक मावशी जागच्या उठेनात. त्यांचा मुलगा गवंडीकाम करायचा. कसल्याशा भांडणाच्या केसमध्ये कच्चा कैदी म्हणून काही महिने आत होता. जामिनावर सुटून आला तो उजवा हात वाकडा घेऊन. आत मारहाण झाली, हाड मोडलं, वेळेवर प्लॅस्टर झालं नाही आणि हाड तसंच जुळून आलं. आता त्याला घमेलं उचलत नाही. मावशींनी एवढंच विचारलं, "याची काही भरपाई मिळंल का गं?" त्यावर शेजारची एकजण म्हणाली, "आत गेलेल्याला कुठं भरपाई असती व्हय?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. कर्जाचं विचारलं असतं तर चटकन सांगितलं असतं. मग आम्ही दोघी-तिघींनी वाचनालय धुंडाळलं, तालुक्याच्या कोर्टातल्या एका वकीलताईंना गाठलं. जे हाती लागलं ते आज सांगतो. इतिहासच आहे तो, फार जुना नाही. आपल्या आयांच्या आणि आपल्या हयातीतलाच.

सुरुवात सोन्यापासून करू. 1947 चा सप्टेंबर, फाळणीचे दिवस. अमृतसरचे रलियाराम नावाचे सराफ मेरठला उतरले. जवळ सोनं-चांदी होती. पोलिसांनी संशयावरून धरलं, माल जप्त केला. त्यात शंभर तोळ्यांच्या वर सोनं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना सोडलं. पुढे चांदी परत मिळाली, पण सोनं मिळेना. कारण ज्या हवालदाराच्या ताब्यात ते होतं, तो ते घेऊन पाकिस्तानात पळून गेला होता. रलियाराम यांच्या पेढीने सरकारवर दावा लावला. तो वर सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1964 साली निकाल लागला तो सरकारच्या बाजूने. पोलिसांनी हयगय केली हे कोर्टाला मान्य होतं. पण अटक करणं, माल जप्त करणं ही राजसत्तेची कामं, आणि त्या कामात नोकराने केलेल्या चुकीबद्दल सरकारकडून पैसे मागता येत नाहीत, असं कोर्ट म्हणालं. ही इंग्रजांच्या काळातली रीत होती: राजा चुकत नाही. कायदा बदला, असंही कोर्टाने सुचवलं होतं. तसा कायदा काही झाला नाही.

जिथे सोन्याची भरपाई मिळत नव्हती, तिथे मोडलेल्या हाताची कोण देणार? मावशींच्या शेजारणीने जे म्हटलं, तोच त्या वेळचा कायदा होता म्हणायचा.

मग हे बदललं कसं? आम्हाला वाटलं होतं, मोठमोठ्या वकिलांनी बदललं असेल. त्यांचं काम आहेच, पण सुरुवात झाली चिठ्ठ्यांनी. 1979 साली दिल्लीच्या तिहार तुरुंगातून सुनील बत्रा नावाच्या कैद्याने सुप्रीम कोर्टाला चिठ्ठी लिहिली. स्वतःसाठी नाही. दुसऱ्या एका कैद्याला वॉर्डरने पैशासाठी फार वाईट पद्धतीने जखमी केलं होतं, ते कळवायला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती चिठ्ठीच याचिका मानली. स्टॅम्प नाही, वकीलपत्र नाही. शिक्षा झाली म्हणून माणसाचे सगळे हक्क तुरुंगाच्या दाराशी गळून पडत नाहीत, हे तिथे पक्कं झालं.

त्याच सुमारास बिहारमध्ये भागलपूरचं प्रकरण बाहेर आलं. तीसहून जास्त माणसांचे डोळे पोलिसांनी सुईने फोडून आत तेजाब ओतलं होतं. ही माणसं मॅजिस्ट्रेटसमोर उभी केली, तुरुंगात दाखल केली, आणि डोळ्यांना काय झालं हे कोणी विचारलं नाही. वकीलही दिला नव्हता, का तर त्यांनी मागितला नाही म्हणून! त्यांची बाजू कपिला हिंगोरानी या वकीलबाईंनी मांडली. कोर्टाने सांगितलं, कैद्याने मागो न मागो, गरिबाला सरकारी खर्चाने वकील द्यायचाच. आणि एक प्रश्न विचारला: सरकारच्या माणसांनी जगण्याचा हक्क मोडला, तर कोर्टाने नुसतं हळहळायचं का? भरपाईचा हुकूम मात्र त्या वेळी झाला नाही.

तो झाला 1983 साली, रुदल शाह यांच्या केसमध्ये. हे बिहारमधल्या मुझफ्फरपूरचे. पत्नीच्या खुनाचा आरोप होता. 3 जून 1968 रोजी सेशन कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं, पण तुरुंगाने सोडलं नाही. ते बाहेर आले 16 ऑक्टोबर 1982 रोजी. चौदा वर्षांच्या वर निर्दोष माणूस आत! तुरुंगाचं म्हणणं, ते वेडे होते. कधी वेडे ठरले, काय उपचार केले, याचा धड पुरावा देता आला नाही. त्यांच्या बाजूनेही कपिला हिंगोरानीच उभ्या होत्या. निकाल दिला सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी, ते आपले पुण्याचे. त्यांनी म्हटलं, या माणसाला आता 'दिवाणी दावा लाव' म्हणून परत पाठवलं, तर घटनेतला हक्क नुसता तोंडदेखला राहील. बिहार सरकारने आधी 5,000 रुपये दिलेच होते. त्यावर आणखी 30,000 द्यायला लावले, आणि ही तात्पुरती रक्कम आहे, दावा लावायचा हक्क शाबूत आहे, हेही लिहिलं.

आम्ही हिशेबाच्या बायका, म्हणून हिशेब केला. पस्तीस हजार भागिले त्या सगळ्या दिवसांनी. दिवसाला पावणेसात रुपयेही येत नाहीत. तरी त्या हुकमाची किंमत त्या रुपयांत मोजू नये असं आम्हाला वाटतं. 1964 साली ज्या दाराला कडी होती, ते दार तिथे पहिल्यांदा उघडलं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या मुंबईचा निकाल आला. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा स्त्री कैद्यांशी बोलून सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं होतं. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. कोर्टाने निर्मला निकेतनच्या संचालिकांना तुरुंगात पाठवलं आणि एकही अधिकारी जवळ नसताना बायकांशी बोला, असं बजावलं. हे आम्हाला फार आवडलं. अधिकारी उभा असताना बाई काय बोलणार, हे आपल्याला ग्रामसभेतही कळतं. त्या निकालातून आलं की बायकांची कोठडी वेगळी हवी, पहाऱ्यावर महिला शिपाई हव्या, महिला पोलिसाच्या समोरच चौकशी व्हावी. आणि मॅजिस्ट्रेटने प्रत्येक आरोपीला विचारावं, तुला मारहाण झाली का? तुला डॉक्टरकडून तपासून घ्यायचा हक्क आहे, हे माहीत आहे का?

दिल्लीत 'सहेली' नावाची बायकांची संस्था आहे. घर खाली करायच्या भांडणात पोलिसांच्या मारहाणीत नऊ वर्षांचा एक मुलगा गेला, तेव्हा ही संस्था त्याच्या आईसाठी कोर्टात गेली. निकालात आईला 75,000 रुपये मिळाले. बायकांचा गट असं काही करू शकतो, म्हणून हे सांगितलं.

आता जिच्यासाठी आजचं हे नाव दिलं, तिच्याकडे येतो. नीलबती बेहरा, ओडिशातल्या सुंदरगढ जिल्ह्यातल्या. त्यांचा मुलगा सुमन, बावीस वर्षांचा, मजुरी करून महिना बाराशे-पंधराशे कमावणारा. 1 डिसेंबर 1987 रोजी सकाळी चोरीच्या तपासात पोलिसांनी त्याला घरातून नेलं आणि जराईकेला चौकीत ठेवलं. रात्री आठच्या सुमारास नीलबती आणि सुमनची आजी डबा घेऊन चौकीत गेल्या. सुमन जेवला. त्या दोघी परत आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं प्रेत रेल्वेच्या रुळाजवळ सापडलं. अंगभर जखमा.

पोलीस म्हणाले, रात्री तीनच्या सुमारास त्याने बांधलेला दोर दातांनी चावून तोडला, पळाला, आणि गाडीखाली आला.

नीलबतींनी सप्टेंबर 1988 मध्ये सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. कोर्टाने जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितलं. तिथे साक्षी झाल्या. सगळ्या जखमा गाडीच्या धक्क्याने होण्यासारख्या नाहीत, काही लाठीच्या माराने होण्यासारख्या आहेत, असं डॉक्टरांच्या साक्षीतून निघालं. आणि पळाला म्हणता, तर शोधायला कोण गेलं, कुठे गेलं? तसा भरवशाचा पुरावाच नव्हता. आम्हाला वाटतं, त्या डब्याचंही वजन पडलं. रात्री आठला मुलगा चौकीतच होता, जेवण्याइतका धड होता, हे दोन बायकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ताब्यात असलेल्या माणसाचं काय झालं हे सांगायची जबाबदारी ताबा असणाऱ्याची, घरच्यांची नाही, हे या केसमधून आपण घ्यायचं.

24 मार्च 1993 रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती वर्मा, आनंद आणि वेंकटचल. त्यांनी स्पष्ट लिहिलं की जगण्याचा मूलभूत हक्क मोडला तिथे 'राजा चुकत नाही' ही सबब चालणार नाही. मेरठच्या सोन्याचा निकाल इथे लागू नाही. नीलबतींना दीड लाख रुपये, आणि तेही कसे, तर बँकेत तीन वर्षांची मुदत ठेव त्यांच्या नावे, व्याज हातात, मुद्दल मुदतीनंतर. कोर्टालाही माहीत होतं की एवढी रक्कम बाईच्या हातात आली की किती हात पुढे येतात! भरपाई घेतली म्हणून दोषी पोलिसांवरची फौजदारी कारवाई थांबत नाही, हेही त्यात आहे. बऱ्याच घरांत 'पैसे घ्या आणि मिटवा' असं समजावतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

पुढचं थोडक्यात. 1996 च्या डिसेंबरात डी. के. बसू यांच्या केसमध्ये अटकेचे नियम ठरले. तेही बंगालमधून आलेलं एक पत्रच होतं. अटकेचा कागद करायचा, त्यावर घरच्या किंवा गावातल्या माणसाची सही घ्यायची, अंगावर जखमा असतील तर त्याच वेळी नोंदवून कैद्याला प्रत द्यायची, आणि दर 48 तासांनी डॉक्टरी तपासणी. 2017 साली सुप्रीम कोर्टाने सगळ्या हायकोर्टांना सांगितलं की 2012 ते 2015 या काळात तुरुंगात अनैसर्गिक मृत्यू झालेल्यांचे वारस शोधा आणि भरपाई द्या. आपल्या महाराष्ट्र मंत्रिमंडळाने एप्रिल 2025 मध्ये धोरण मंजूर केलं. तुरुंगात काम करताना अपघात, कर्मचाऱ्यांची मारहाण, कैद्यांची मारामारी किंवा उपचारातली हयगय यांत मृत्यू झाला तर वारसांना 5 लाख, आत्महत्या असेल तर 1 लाख.

पण हे मेलेल्याचं झालं. मावशींचा मुलगा जिवंत आहे. अशांसाठी ठरावीक रकमेचं धोरण नाही, त्यामुळे मागावं लागतं, आणि मागण्यासाठी कागद लागतो. आम्ही वकीलताईंना विचारलं तर त्यांनी पहिलं तेच विचारलं: आत जाताना तपासणी झाली होती ना, तेव्हा हात धड होता असा कागद आहे का? तुरुंगाच्या दवाखान्याची नोंद आहे का? बाहेरच्या सरकारी दवाखान्यात नेलं असेल तर केस पेपर? कोर्टात तारखेला उभं केलं तेव्हा त्याने न्यायाधीशांना सांगितलं का? मुलगा म्हणाला, सांगितलं नाही, भीती वाटली. आम्ही त्याला बोल लावला नाही.

रस्ते तीन आहेत. हायकोर्टात रिट याचिका करता येते. नीलबतींचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तसंच हायकोर्टालाही भरपाई देता येते. दुसरा, मुंबईतला राज्य मानवी हक्क आयोग. तिथे साध्या अर्जावर तक्रार घेतात, फी नाही, पण घटनेला एक वर्ष होऊन गेलं तर आयोग चौकशी करत नाही. तिसरा, नेहमीचा दिवाणी दावा. त्याला वेळ फार जातो. वकिलाचा खर्च नाही, कारण विधी सेवा कायद्यात बाईला आणि कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. बऱ्याच जणी त्या दारावरून पन्नास वेळा गेल्या असतील.

मावशींच्या मुलाचा हात मोडला त्याला या महिन्यात दहा महिने झाले. म्हणजे आयोगासाठी दोनच महिने उरले. गेल्या सोमवारी गटातल्या चौघी मावशींबरोबर गेल्या आणि समितीकडे वकिलासाठी अर्ज दिला. तुरुंगाच्या दवाखान्यातल्या नोंदीची प्रत मिळावी म्हणून माहितीच्या अधिकारात दुसरा अर्ज टाकला. दोन्हींच्या पोहोच-पावत्या गटाच्या पेटीत, कर्जाच्या वहीशेजारी ठेवल्या आहेत. "आत गेलेल्याला कुठं भरपाई" म्हणणारी ती शेजारीण पण आली होती. एसटीचं तिकीट तिनेच काढलं.