उपनगरी ट्रामवे

उपनगरी ट्रामवे : शहराच्या मध्यवस्तीतून कडेच्या वस्त्यांकडे, किंवा गावातून दूर पडलेल्या रेल्वे स्टेशनाकडे, रस्त्यात बसवलेल्या रुळांवरून चालणारी प्रवासी वाहतूक. आधी घोडे आणि नंतर वीज ही तिची ओढशक्ती. महाराष्ट्रात नाशिक ते नाशिकरोड आणि मुंबईतला दादरकडचा फाटा ही तिची दोन ठळक उदाहरणे. दोन्ही ठिकाणी ट्रामने नवे उपनगर वसवले नाही. रेल्वेने जी फट मोकळी सोडली होती तेवढी तिने भरून काढली. अमेरिकेतला अनुभव याच्या अगदी उलट असल्यामुळे आधी तो पाहणे सोयीचे.

विजेची पहिली सार्वजनिक ट्राम १८८१ मध्ये बर्लिनजवळच्या लिख्टरफेल्डे या उपनगरात धावली. ती सीमेन्सच्या कारखान्याची होती आणि तिला वीज रुळांतूनच मिळत असे, त्यामुळे माणसांना व घोड्यांना विजेचे झटके बसत. व्हर्जिनियातील रिचमंड येथे फ्रँक स्प्रेग यांनी १८८८ मध्ये डोक्यावरच्या तारेतून दांडीने वीज घेण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर यशस्वी करून दाखवली. त्यानंतर अमेरिकेत रुळांचे जाळे शेतांपर्यंत पसरले. लॉस एंजेलिसमध्ये हेन्री हंटिंग्टन यांनी १९०१ मध्ये पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनी काढली. त्यांचा खरा धंदा जमिनीचा होता. आधी माळरान विकत घ्यायचे, मग तिथवर रूळ न्यायचे आणि प्लॉट पाडून विकायचे, असा हा हिशेब. तिकिटांतून आलेले पैसे दुय्यम होते.

नाशिकचा हिशेब साधा होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे स्टेशन गावापासून आठ-दहा किलोमीटर लांब पडले होते आणि मधला रस्ता बराचसा ओसाड झाडीतून जाई. गोदावरीवर येणाऱ्या यात्रेकरूला स्टेशनावर उतरल्यावर टांग्याशिवाय गती नव्हती. ही अडचण ओळखून १८८९ मध्ये अडीच फुटी नॅरोगेज ट्राम सुरू झाली. गावाकडचे टोक मेन रोडवर, जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपाशी होते आणि दुसरे टोक नाशिकरोड स्टेशनापाशी. दोन डब्यांना चार घोडे जुंपत. तिचे सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनीच पुढे बार्शी लाइट रेल्वे उभारली आणि तीसुद्धा अडीच फुटीच. बार्शी लाइट रेल्वेवर पुष्कळ लिहिले गेले आहे, तिच्या या थोरल्या बहिणीवर मात्र फारच थोडे. दुष्काळ, प्लेग आणि त्यांमुळे आलेला तोटा यांनी कंपनीला घेरले. १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ही ट्राम बंद पडली. नाशिकरोड उपनगर म्हणून वाढले ते स्टेशन आणि सरकारी छापखाना यांच्या जोरावर. ट्राम थांबल्यावरही ते वाढतच राहिले.

असेच काम संयुक्त प्रांतात कानपूरच्या ट्रामने केले. १९०७ ते १९३३ या काळात विजेच्या एकमजली गाड्या रेल्वे स्टेशनापासून गंगेवरच्या सरसैया घाटापर्यंत सुमारे चार मैल धावत. शेजारच्या लखनौला मात्र तशी ट्राम लाभली नाही. शहराच्या उत्तरेला सीतापूर रस्त्यावर असलेल्या बख्शी का तालाब या गावाला मीटरगेज रेल्वेचे स्टेशन मिळाले आणि लखनौशी त्याचा रुळांवरचा संबंध त्या वाटेनेच राहिला. पुढे तो मार्ग ब्रॉडगेज झाला. रेल्वेचे स्टेशन गावालाच असले की ट्रामला काम उरत नाही, हे नाशिकशी ताडून पाहिल्यास लक्षात येते.

मुंबईत घोड्यांच्या ट्रामचा परवाना एका अमेरिकन कंपनीने १८६५ मध्येच मागितला होता. परवाना मिळालाही, पण अमेरिकेतील यादवी संपून कापसाचा बाजार कोसळला आणि योजना कागदावरच राहिली. अखेर ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी व बोरीबंदर ते पायधुणी असे दोन मार्ग सुरू झाले. भाडे तीन आणे होते, ते लवकरच दोन आण्यांवर आले. आरंभी तिकिटेच नव्हती. फुकट्यांचा त्रास वाढल्यावर त्याच वर्षी ती आली. ट्राम चालवणाऱ्या कंपनीच्या पागेत सुमारे ९०० घोडे होते असे सांगतात.

बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे आजच्या ‘बेस्ट’ची पूर्वज, १९०५ मध्ये स्थापन झाली. वाडीबंदरला तिचे वीजघर उभे राहिले आणि ७ मे १९०७ रोजी महापालिका कचेरीपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत विजेची पहिली ट्राम धावली. गर्दी आवरेना म्हणून १९२० मध्ये दुमजली गाड्या आल्या.

उत्तरेकडचा मार्ग भायखळा, लालबाग आणि परळवरून दादरला जाई व पुढे माटुंग्याच्या किंग्ज सर्कलपर्यंत. या भागाची आखणी कंपनीने केली नव्हती. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर, माटुंगा, वडाळा व शीव येथील शेतजमिनी व खाजणे ताब्यात घेऊन रुंद रस्ते आणि प्लॉट पाडले. त्यावर हिंदू कॉलनी, मंचरजी जोशी यांची पारशी कॉलनी आणि माटुंग्याची दाक्षिणात्य वस्ती उभी राहिली. कोटात (फोर्टमध्ये) नोकरीला जाणाऱ्या या मध्यमवर्गाला ट्राम सोयीची झाली, पण जमिनीच्या नफ्यात कंपनीचा वाटा नव्हता. त्यामुळे आणखी उत्तरेला रूळ नेण्याचे तिला काही निमित्तच राहिले नाही. शीव व माहीमच्या पलीकडे तेव्हा महापालिकेची हद्द संपत होती, आणि वांद्रे, कुर्ला, ठाणे ही गावे रेल्वेने आधीच बांधून घेतली होती. १९२५ मध्ये हार्बर मार्गावर व १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेच्या लोकल धावू लागल्यावर तर प्रश्नच मिटला. हंटिंग्टन मुंबईत असते तर त्यांनी रूळ अंधेरीपर्यंत नेले असते की नाही, हा विचार करमणुकीपुरता ठीक. इथे मोकळी जमीन ट्रस्टच्या हातात होती आणि वेग रेल्वेच्या.

ट्रामच्या छपरावर स्प्रिंगच्या जोरावर उभी राहणारी दांडी वरच्या तारेला टेकलेली असे. मोटारमधून गेलेली वीज चाकांवाटे रुळांत उतरून परत जाई. टोकाला पोचल्यावर गाडी वळवण्याऐवजी दोरीने दांडी दुसऱ्या बाजूला फिरवत. पुढच्या फलाटावरून पायाने घंटा वाजवत ड्रायव्हर वाट मोकळी करून घेई. रूळ रस्त्याच्या मध्यावर असल्याने चढउतार वाहनांच्या गर्दीतूनच करावी लागे आणि एक ट्राम अडली की मागच्या सगळ्या अडत.

हीच गोष्ट पुढे तिच्या मुळावर आली. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली, तेव्हा ती ट्रामचीच पूरक मानली गेली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने कंपनीचा सगळा कारभार ताब्यात घेतला. मोटारी वाढल्या, तशी रस्त्याच्या मध्यात अडून बसणारी गाडी नकोशी झाली आणि एकेक मार्ग गुंडाळला जाऊ लागला. ट्राम स्वस्त होती, पण नवे रूळ टाकण्यापेक्षा नवी बस घेणे सोपे होते. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली, आणि मुंबईकरांनी तिला खच्चून गर्दी केली. नंतर फ्लोरा फाउंटनच्या परिसरातील कामात जुने रूळ पुन्हा उघडे पडले. जुन्या वस्तू पाहायच्या असतील तर आणिक आगारातले बेस्टचे संग्रहालय आहे.

ट्राम चालू असतानाच, ११ जून १९६२ रोजी, गवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस आली होती. रबरी टायरांची ही गाडी रुळांतून सुटली होती, तारेतून नव्हे. दांडी निसटली की ती जागीच थांबे. २४ मार्च १९७१ रोजी तीही बंद झाली.