चाकाची धाव आणि लीलावतीचे गणित



वरूडकडे संत्र्याचे बगीचे फार. झाडाभोवती गोल आळे करायचे झाले, म्हणजे दोरीचे एक टोक खोडाशी धरावे आणि दुसऱ्या टोकाने रेघ ओढत फिरावे. वर्तुळ काढणे असे सोपे. पण ही रेघ किती हात लांब, असं कुणी विचारलं की अडचण येते. मोजायची काठी सरळ, आणि रेघ तर वाकलेली!

गाडीच्या चाकाला धाव चढवणाऱ्या लोहारापुढे हाच प्रश्न असे. लाकडी चाकांच्या गाड्या आता थोड्याच राहिल्या. पण ज्यांनी ते काम पाहिले आहे त्यांना आठवेल, की लोखंडी पट्टी लांब झाली तर धाव ढिली पडते आणि फार आखूड झाली तर चढतच नाही. म्हणून चाकाच्या घेराहून किंचित लहान कडे करायचे, ते तापवून फुगले की चाकावर बसवायचे आणि वर पाणी ओतायचे. घेर कळावा म्हणून चाकावर खूण करून ते जमिनीवर एक फेरा गडगडवले की काम भागते. मात्र त्यासाठी चाक आधी तयार पाहिजे. विहीर अजून खोदायचीच आहे, आणि तिच्या गोल बांधकामाचा अंदाज आजच हवा आहे. मग काय गडगडवणार? तिथे नियम लागतो.

तो नियम भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त सांगितला आहे. व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागावे, म्हणजे सूक्ष्म परिघ मिळतो. २२ ने गुणून ७ ने भागावे, म्हणजे स्थूल परिघ मिळतो, आणि व्यवहाराला तो पुरतो. आचार्यांनी उदाहरणही ७ व्यासाचेच घेतले. स्थूल उत्तर २२. सूक्ष्म उत्तर २१ पूर्ण आणि १२३९/१२५०. दोहोंत फरक फक्त ११/१२५० चा. सात हात व्यासाच्या विहिरीत तो किती होतो? हाताचे अंगुळे २४. तेव्हा फरक अंगुळाच्या पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त. एवढ्याने गवंड्याचे काही अडत नाही. पण आकाशातील ग्रहांचे गणित करणाऱ्याचे अडते. म्हणून आचार्यांनी दोन्ही रीती दिल्या आणि कोणती कुठे वापरायची तेही सांगून ठेवले.

सूक्ष्म आकडा त्यांच्याही आधीचा आहे. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटांनी २०००० व्यासाला ६२८३२ परिघ सांगितला आणि त्याला ‘आसन्न’, म्हणजे जवळचा, असे म्हटले. या दोन्ही संख्यांना १६ ने भागा, भास्कराचार्यांचेच आकडे येतील.

हा आकडा नुसत्या दोरीने मोजून आलेला नव्हे. वर्तुळात सहा सारख्या बाजूंची आकृती बसवा. तिची एकेक बाजू त्रिज्येएवढी, म्हणून सहा बाजू मिळून व्यासाची तिप्पट. परिघ त्याहून मोठा, हे तर डोळ्यांनाच दिसते. आता बाजू दुप्पट करीत जा: १२, २४, ४८. आकृती वर्तुळाला चिकटत जाते. ग्रीसच्या आर्किमिडीजने ९६ बाजूंपर्यंत जाऊन २२/७ ही वरची मर्यादा काढली. आपल्या कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ च्या ‘बुद्धिविलासिनी’ या लीलावतीच्या टीकेत ३८४ बाजूंपर्यंत जाऊन सूक्ष्म आकड्याची उपपत्ती समजावली. पुढे लँबर्ट नावाच्या गणितज्ञाने १७६१ मध्ये सिद्ध केले, की कोणत्याही दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकाने हे प्रमाण तंतोतंत सांगताच येत नाही. आर्यभटांचा ‘आसन्न’ हा शब्द किती जपून वापरलेला होता पहा!

यात आपल्या विदर्भाचाही वाटा आहे. पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे एक ज्योतिषी घराणे पुढे काशीला गेले. त्यातल्या कृष्ण दैवज्ञांनी भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका लिहिली आणि त्यांचे पुतणे मुनीश्वर, जन्म १६०३, यांनी लीलावतीवर.

आणि ही विद्या टिकली कशी? चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेथे मठ काढला. शिलालेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात जो माल उघडे, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठाला दिले, असे त्यात कोरले आहे. म्हणजे गणिताची शाळा बाजाराच्या पैशावर चालली. भाजी-धान्य घेणाऱ्या साध्या माणसाने तिचा खर्च उचलला.

तेव्हा गुरुजींनो, बावीस सप्तमांश पाठ करून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. मुलांना थाळी, घागरीचे तोंड, चाक आणि सुतळी द्या. प्रत्येकाचे उत्तर थोडे वेगळे येईल. त्यांना खोडायला लावू नका. सगळी फळ्यावर मांडा, आणि तिनापेक्षा जास्त का येते ते षट्‌कोन काढून दाखवा. परिघाची खरी ओळख मुलांना तिथे होईल. गावातला म्हातारा लोहार किंवा सुतार असेल, तर त्यालाही एक दिवस वर्गात बोलवा. त्याचे हात आणि पुस्तकातला नियम एकच गोष्ट सांगतात, हे मुलांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे.