डेटाबेसमध्ये ग्रांट, रिव्होक आणि रोल म्हणजे काय? सातबाऱ्यावरून समजून घ्या

टॉर्चचं ॲप कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागायला लागलं की आपण लगेच 'नको' दाबतो. डेटाबेसमध्येही प्रश्न तोच असतो: कोणाला किती हात लावू द्यायचा? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या हिंगोली जिल्ह्यात घरोघरी ओळखीचा असलेला सातबारा घेऊन हे सांगतो.

कोणाला काय करता येतं?

- सर्वसामान्य माणूस: महाभूलेखवर सातबारा फक्त बघू शकतो.
- शेतकरी: २०२१ पासून ई-पीक पाहणी ॲपवर स्वतःच्या शेतातलं पीक नोंदवू शकतो, मालकाचं नाव बदलू शकत नाही.
- तलाठी: फेरफाराची नोंद घेतात आणि संबंधितांना नोटीस देतात. हरकतीसाठी १५ दिवस असतात.
- मंडळ अधिकारी: ती नोंद प्रमाणित करतात.

नोंद घेणारा एक, मंजूर करणारा दुसरा. दोन्ही अधिकार एकाच हातात गेले, तर एका माणसाच्या मनावर जमीन दुसऱ्याच्या नावे होईल.

हेच डेटाबेसमध्ये कसं करायचं?

सिलेक्ट म्हणजे वाचणं, इन्सर्ट म्हणजे नवी नोंद, अपडेट म्हणजे बदल, डिलीट म्हणजे काढून टाकणं. समजा, आपण असाच एक डेटाबेस बनवतोय. कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, इथे उच्चार दिलाय:

१. क्रिएट रोल तलाठी;
२. ग्रांट सिलेक्ट, इन्सर्ट ऑन फेरफार टू तलाठी;
३. ग्रांट तलाठी टू यूजर१;

अधिकार माणसाला नाही, रोलला दिले. आता यूजर१ ची बदली झाली, तर एकच ओळ पुरते: रिव्होक तलाठी फ्रॉम यूजर१, नवीन माणसाला तोच रोल द्यायचा, बस्स.

हे लक्षात ठेवा

- 'ग्रांट ऑल' घाईत देऊ नका. लागेल तेवढंच द्या.
- 'विथ ग्रांट ऑप्शन' दिलं, तर तो यूजर पुढे दुसऱ्यालाही अधिकार वाटू शकतो.
- ग्रांट साधारणपणे पूर्ण टेबलवर लागतो. सेनगावच्या तलाठ्याला वसमतच्या नोंदी उघडू नयेत, यासाठी पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये रो-लेव्हल सिक्युरिटी वापरतात.
- बदली किंवा राजीनामा झाला, की त्याच दिवशी रिव्होक करा. चालू राहिलेलं जुनं लॉगिन म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच ठेवण्यासारखं आहे.