गृहशास्त्र : एका शालेय विषयाचा पूर्वेतिहास

पाली येथील एका जुन्या घराचा माळा मोकळा होत असतां, न्हाणीच्या चुलीसाठीं काढलेल्या रद्दींत एक वही माझ्या हातीं आली. गृहशास्त्र शिकणाऱ्या कोणा विद्यार्थिनीची ती प्रात्यक्षिकवही होती : कुटुंबाचा मासिक जमाखर्च, आजाऱ्याचें पथ्य, कापडावरील डाग काढण्याच्या रीती. त्याच पेटींतील मोडी कागद मात्र घरधन्यानें जपून ठेविले होते. ही निवड पाहूनच प्रस्तुत टिपण लिहावयास घेतलें.

हा विषय इंग्रजी शाळांबरोबर आला अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी होय. वात्स्यायनानें कामसूत्राच्या भार्याधिकारिकांत वर्षाचें उत्पन्न मोजून तदनुरूप खर्च करण्याचें काम गृहिणीकडे सोंपविलें आहे. मनूनेंहि नवव्या अध्यायांत अर्थाचा संग्रह व व्यय स्त्रीकडे दिला, जरी त्याचा हेतु तिच्या रक्षणाचा आहे. मुद्रित मराठींत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं व लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० सालीं निघालें. तात्पर्य, विद्या होतीच. वाद होता तो तिला शाळेंत कोणत्या हेतूनें आणावें याविषयीं.

रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींनीं १८८४ सालीं पुण्यास मुलींचें हायस्कूल काढलें. तेथील शिक्षणक्रमावर टिळकांच्या ‘मराठा’ पत्रानें १८८७ सालीं टीका केली. मुलींस घरकाम शिकण्यास अवकाश राहावा म्हणून शाळेचे तास थोडे असावे, असा तिचा आशय होता. येथें गृहकर्म हें शिक्षण आंखूड करण्याचें कारण झालें.

खेड तालुक्यांतील शेरवलीस जन्मलेले धोंडो केशव कर्वे यांनीं नेमकी उलट वाट धरिली. टोकियो येथील महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांनीं १९१६ सालीं स्त्रियांचें विद्यापीठ स्थापिलें. मातृभाषा हें माध्यम ठेवून गृहव्यवस्था व आरोग्य यांस अभ्यासक्रमांत स्थान दिलें. गृहकर्म येथें शिक्षण वाढविण्याचें साधन झालें. पहिले कुलपति भांडारकरच होते, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. कर्व्यांच्या हिंगणें येथील आश्रमाच्या कार्यकर्त्या पार्वतीबाई आठवले या आमच्या शेजारच्या देवरुखच्या. त्या १९१८ सालीं अमेरिकेस गेल्या व परक्या घरीं घरकाम करून इंग्रजी शिकल्या.

तथापि विषय मुलींपुरताच राहिला. पुढें कोठारी आयोगानें (१९६४–६६) तो ऐच्छिक असावा, मुलींवर सक्तीचा नसावा, असें मत दिलें.

आतां एक कबुली. शिक्षकीच्या काळांत, गणितांत मागें पडणाऱ्या मुलींस ‘गृहशास्त्र घे’ असें मीं स्वतः अनेकदां सांगितलें. विषय हलका, हें गृहीत धरूनच तें सांगणें असे. वरील वहींतील जमाखर्च मीं दोन वेळां ताडून पाहिला. त्यांत चूक सांपडली नाहीं.

सनदा व वंशावळी जमविणाऱ्या संग्राहकांस विनंति एवढीच कीं, माळ्यावरील दप्तर उतरवितांना अशा वह्या, वाणसामानाच्या याद्या व पाककृतींचे कागदहि वेगळे काढावे. घर कोणाचें होतें हें सनदेवरून कळतें. तें कसें चाललें हें या कागदांवरूनच कळेल.